ड्रायर फिरतो पण तापत नाही, आणि दुरुस्तीनंतर काही महिन्यांत पुन्हा तेच

ड्रम नेहमीसारखा फिरतो, आवाजात फरक नाही, पॅनेलवरचे दिवे लागलेले असतात, वेळ संपली की बीपही वाजतो. दार उघडलं की कपडे थंडगार आणि घातले तेव्हा होते जवळजवळ तितकेच ओले. माझ्या ड्रायरचं दीड वर्षात तीन वेळा असं झालं. पहिल्यांदा मेकॅनिकने मागचा पत्रा उघडून थर्मल फ्यूज बदलला आणि पंधरा मिनिटांत मशीन तापायला लागलं. चार-पाच महिन्यांनी पुन्हा थंड. पुन्हा फ्यूज, या वेळी सोबत थर्मोस्टॅटही नवा. तिसऱ्यांदा मी स्वतः ड्रायर भिंतीपासून ओढून पुढे घेतला आणि मागची हवेची नळी पाहिली. मशीन भिंतीला टेकवताना ती चेपली होती. दोन बोटं जेमतेम जातील एवढी फट उरली होती आणि तीही ओल्या लवेच्या (कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंच्या) बोळ्याने भरलेली. नळी बदलली, फ्यूज बदलला. त्याला दोन वर्षं झाली, तो फ्यूज अजून शाबूत आहे.

आधीच्या दोन्ही वेळी बदललेला फ्यूज खरोखरच गेलेला होता. निदान चुकलं नव्हतं, ते अर्ध्यावर थांबलं होतं. थर्मल फ्यूज उगाच क्वचितच जातो. मशीनच्या आत कुठेतरी उष्णता साचली म्हणून तो जातो. ती का साचली हे शोधलं नाही, तर नवा फ्यूजही त्याच वाटेने जाणार. म्हणून या लेखात भाग तपासायची पद्धत तर सांगतेच, पण जास्त जागा त्या "का" साठी ठेवली आहे.

ड्रम फिरतो, मग हीटर का बंद?

ड्रायरमध्ये दोन वेगळी कामं चालतात. ड्रम आणि पंखा फिरवायचं काम मोटरचं, हवा तापवायचं काम हीटरचं. हीटरची वीज एका लांब साखळीतून येते. आधी टायमर किंवा कंट्रोल बोर्डवरचा रिले (बोर्डच्या इशाऱ्यावर वीज जोडणारा-तोडणारा स्विच), मग रोजचं तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट, मग वरच्या मर्यादेचा थर्मोस्टॅट, थर्मल फ्यूज, हीटरची कॉइल, आणि पुष्कळ मशीनमध्ये मोटरच्या अंगावरचा एक छोटा स्विच. हा स्विच मोटरने वेग घेतल्यावरच जोडला जातो, म्हणजे ड्रम थांबलेला असताना हीटर पेटू नये. क्रम मशीनगणिक वेगळा असतो, पण सगळे भाग एका दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे आहेत. दोरा कुठेही तुटला तरी हीटर थंड पडतो आणि मोटरला त्याचा पत्ताही लागत नाही.

काही मशीनमध्ये मात्र मोटरच्या मार्गातही एक थर्मल फ्यूज असतो. तो गेला तर ड्रमही फिरत नाही. तुमचं मशीन पूर्णपणे मुकं झालं असेल तर सुरुवात तिथून करा. हा लेख फिरणाऱ्या पण न तापणाऱ्या ड्रायरबद्दल आहे.

पत्रा उघडण्याआधी

सेटिंग आधी बघा, कितीही क्षुल्लक वाटलं तरी. जवळजवळ प्रत्येक ड्रायरमध्ये नुसत्या थंड हवेचा एक प्रोग्रॅम असतो आणि नॉब एक खूण पुढे सरकला की तोच लागतो. शिवाय प्रत्येक प्रोग्रॅमच्या शेवटची काही मिनिटं हीटर मुद्दाम बंद ठेवलेला असतो, कपडे निवावेत म्हणून. नेमकं त्याच वेळी दार उघडून "तापत नाही" असं ठरवू नका. खरी परीक्षा अशी: ड्रम रिकामा किंवा एखादा ओला टॉवेल घालून, सेन्सरवर चालणारा प्रोग्रॅम न घेता मिनिटं ठरवून चालणारा, सर्वांत गरम प्रोग्रॅम लावा. पाच मिनिटांनी दार उघडून आत हात धरा. हवा कोमट तरी असेल तर साखळी तुटलेली नाही, दोष दुसरीकडे आहे. हवा खोलीइतकीच थंड असेल तर साखळीत कुठेतरी खंड आहे.

काही जणांची तक्रार न तापण्याची असते, पण खरा प्रश्न प्रोग्रॅम लवकर संपण्याचा असतो. ड्रमच्या आत, जाळीजवळ किंवा दाराशी, धातूच्या दोन पट्ट्या दिसतील. ओला कपडा दोन्हींना एकदम टेकला की त्यातून अगदी बारीक करंट जातो आणि मशीनला ओल कळते. कपडे मऊ करणाऱ्या सुगंधी शीट वापरल्या की या पट्ट्यांवर मेणचट थर बसतो आणि ओला कपडाही मशीनला कोरडा वाटतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने पट्ट्या पुसल्या की बऱ्याचदा एवढ्यावर काम होतं.

पुरवठ्याचंही बघा. उत्तर अमेरिकेत वापरले जाणारे मोठे ड्रायर २४० व्होल्टवर चालतात, पण त्यांची मोटर १२० व्होल्टवर फिरते. त्यासाठी दोन फेज येतात. त्यातला एक पडला तर ड्रम मजेत फिरतो आणि हीटर मात्र गारठलेला. जोडी ब्रेकर पूर्ण बंद करून पुन्हा चालू करायचा. तो अर्धवट पडलेला असला तर डोळ्यांना कळत नाही. जिथे २३० व्होल्टचा एकच फेज असतो तिथे हा प्रकार होत नाही. तिथे त्रास होतो तो कमी व्होल्टेजचा. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणून २३० चे २०० व्होल्ट झाले तर उष्णता जवळजवळ पाव भागाने घटते. कपडे सुकतात, पण दुप्पट वेळ लागल्यासारखं वाटतं. २५०० वॅटचा ड्रायर २३० व्होल्टवर जवळपास ११ अँपिअर ओढतो. त्याला साधा एक्स्टेन्शन बोर्ड लावू नका. तिथे व्होल्टेज पडतं आणि बोर्डाचे पॉइंटही वितळतात. भिंतीतल्या सॉकेटला प्लग घट्ट बसतो ना, त्याच्या पिना काळ्या पडल्यात का, हेही याच फेरीत पाहून घ्या.

मशीन हीट पंपचं असेल तर गोष्ट वेगळी आहे. त्यात सहसा मोठी तापणारी कॉइल नसते. फ्रिजसारख्या कॉम्प्रेसर आणि त्यातल्या गॅसवर हवा तापते, तीही साध्या ड्रायरपेक्षा कमी. हाताला कपडे फारसे गरम लागत नाहीत आणि प्रोग्रॅमही लांब चालतो. असं मशीन नवीन घेतलेल्यांना पहिल्या आठवड्यात बिघाड वाटतो, पण ते तसंच चालतं. मशीन आडवं करून आणलं असेल तर चालू करण्याआधी पुस्तिकेत सांगितलेले तास उभं राहू द्या. त्यातला गॅसचा भाग घरी उघडायचा नाही. आपल्या हातात जाळ्या आणि हवेचे मार्ग स्वच्छ ठेवणं एवढंच, आणि त्या मशीनचे बरेचसे त्रास तेवढ्यानेच जातात.

हवा: इथेच वेळ घाला

हवा बाहेर सोडणाऱ्या ड्रायरचा प्रवास असा: खोलीतली हवा आत ओढली जाते, हीटरवरून जाते, ड्रममध्ये कपड्यांतून फिरते, जाळीतून गाळली जाते आणि पंखा तिला नळीतून बाहेर ढकलतो. हीटरची उष्णता वाहून नेण्याचं काम ही हवाच करते. हवेचा वेग कमी झाला की कॉइल तेवढीच वीज खाते, पण तिची उष्णता जागच्या जागी साचते. हीटरच्या डब्यातलं तापमान चढतं. वरच्या मर्यादेचा थर्मोस्टॅट हीटर बंद करतो, थंड झाल्यावर पुन्हा चालू करतो. हे रोजच व्हायला लागलं की कधीतरी तो उशिरा तुटतो, म्हणजे वीज उशिरा तोडतो, किंवा त्याचे पॉइंट चिकटतात, आणि शेवटचा पहारेकरी असलेला थर्मल फ्यूज कायमचा उघडतो. तो पुन्हा जोडला जात नाही. त्याची रचनाच तशी आहे.

मजा बघा, ड्रम थंड आहे याचं मूळ हीटरजवळच्या जादा उष्णतेत आहे. हे उमगेपर्यंत मीही चुकीच्या जागी शोधत होते.

जाळीपासून सुरुवात करा. दर वेळी लव काढणं पुरत नाही. सुगंधी शीटचा आणि सॉफ्टनरचा पातळ थर जाळीच्या बारीक छिद्रांवर बसतो आणि तो दिसत नाही. जाळी नळाखाली आडवी धरून वर पाणी ओता. पाणी सरळ खाली गळलं तर ठीक. तळ्यासारखं साचून राहिलं तर जाळी बुजली आहे. कोमट पाणी, थोडा भांडी घासायचा साबण आणि जुना मऊ ब्रश घेऊन घासा, पूर्ण वाळवून मगच बसवा. जाळी फाटलेली असेल तर बदलाच, कारण फाटक्या जाळीतून सुटलेली लव पुढे पंख्यात आणि नळीत जाऊन बसते. जाळीच्या खोबणीतही लव असते. तिथे व्हॅक्यूम क्लीनरचं चपटं तोंड किंवा लांब लवचीक ब्रश घाला.

मग नळी. प्लॅस्टिकची किंवा पातळ फॉइलची नागमोडी नळी असेल तर ती काढून सरळ, गुळगुळीत धातूची, साधारण १०० मिलिमीटर व्यासाची नळी लावणं हा मला सर्वांत फायद्याचा बदल वाटतो. नागमोडी नळीच्या प्रत्येक घडीत लव अडकते आणि ती वाकली की चेपते. जोडांना आतून बाहेर येणारे स्क्रू मारू नका, त्यांच्या टोकांना लव धरते. धातूची चिकटपट्टी किंवा बाहेरून आवळायचा क्लॅम्प वापरा. नळी जितकी लांब आणि वळणांची, तितका पंख्यावर भार. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नियमांत सर्वसाधारण मर्यादा ३५ फूट, म्हणजे सुमारे साडेदहा मीटर आहे. काटकोनी वळण साध्या जोडाचं असेल तर प्रत्येकामागे त्यातून पाच फूट वजा होतात. पुस्तिकेत तुमच्या मशीनचा आकडा असेल तर तोच धरा.

बाहेरच्या टोकाला जाऊन बघा. ड्रायर चालू असताना तिथली झडप उघडते का, हवा जोरात येते का? झडप लवेने चिकटलेली असते, कधी पक्ष्याने घरटं केलेलं असतं, कधी कुणीतरी कीटक येऊ नयेत म्हणून बारीक जाळी बसवलेली असते. ही जाळी काही आठवड्यांत लवेने पूर्ण भरते. ती काढून टाका.

नळीवर शंका असेल तर एक सोपी चाचणी आहे. मशीन अजून थोडंफार तापत असेल तरच ती उपयोगाची, कारण फ्यूज गेलेला असेल तर काहीच कळणार नाही. ड्रायरच्या मागून नळी सोडवा, खिडकी उघडी ठेवा, ओले टॉवेल घालून समोर उभं राहून पंधरा-वीस मिनिटं चालवा. एरवी लांबणारं काम आता झपाट्याने होत असेल तर दोष नळीत किंवा तिच्या टोकाला आहे. मशीन असंच रोज चालवू नका. खोलीत ओल आणि लव दोन्ही भरतात.

नळी साफ आणि तरी हवा कमी, तर आत बघावं लागतं. पंख्याच्या घरात एखादा मोजा, रुमाल किंवा लवेचा गोळा गेलेला असतो. पंखा प्लॅस्टिकचा असेल तर त्याचं मधलं भोक झिजतं आणि मोटरचा दांडा आत नुसताच फिरतो. आवाज येतो, हवा येत नाही. ड्रमच्या कडेला नमद्याची पट्टी असते. ती झिजली की हवा हीटरवरून न येता फटीतून ओढली जाते. बाकी सगळं ठीक असूनही फ्यूज जात राहतो, तेव्हा या पट्टीकडे माझं लक्ष सर्वांत शेवटी जायचं. आता मी ती आधी बघते. ड्रायर छोट्या बंद खोलीत किंवा कपाटात असेल तर खोलीत हवा येणार कुठून याचाही विचार करा. पंखा जेवढी हवा बाहेर टाकतो, तेवढी आत यायला वाट हवी.

कंडेन्सर ड्रायरला नळी नसते. त्यातली हवा आतल्या आत फिरते, आणि ओल काढायला खाली एक धातूच्या पातळ पत्र्यांचा ठोकळा असतो. तो दरवाज्याखालच्या झडपेतून बाहेर काढता येत असेल तर काढून, ज्या दिशेला लव आहे तिच्या उलट बाजूने पाणी मारून धुवा. नाजूक पत्रे ब्रशने वाकवू नका. ज्या जागेतून तो काढला ती जागाही पुसा. पुष्कळ कंडेन्सर मशीनमध्ये हीटरजवळच्या सुरक्षा थर्मोस्टॅटवर छोटं बटण असतं. अति तापल्यावर तो तुटतो आणि बटण दाबल्याशिवाय जोडला जात नाही. एकदा दाबून मशीन सुरू झालं तर ठीक, पण आठवड्याभरात पुन्हा दाबावं लागत असेल तर हवेचा मार्ग अडलेला आहे.

लवेचा प्रश्न नुसत्या दुरुस्तीच्या खर्चाचा नाही. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २००८ ते २०१० या वर्षांचा हिशोब केला, तेव्हा निवासी इमारतींत ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे २,९०० निघाल्या, आणि कारणांमध्ये सर्वांत वर, ३४ टक्के, ड्रायरची सफाई न करणं हे होतं.

मीटर घेऊन आत

प्लग काढा. नुसतं बटण बंद करून पत्रा उघडू नका. मशीन भिंतीत कायमचं जोडलेलं असेल तर ब्रेकर पाडा आणि वीज खरंच गेली याची खात्री करून घ्या. तापलेलं मशीन अर्धा तास निवू द्या. पत्र्याच्या कडा सुरीसारख्या असतात, जाड हातमोजे घाला. मोटरला कपॅसिटर असेल तर त्याच्या टर्मिनलना हात लावू नका, त्यात प्लग काढल्यावरही विजेचा साठा असू शकतो. या लेखातलं सगळं मोजमाप वीज बंद ठेवून करायचं आहे. चालू विजेवर मोजायची वेळ आली तर ते काम इलेक्ट्रिशियनचं.

वायर काढण्याआधी मोबाइलवर दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. मीटर (मल्टिमीटर) ओहमवर लावून दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. जो आकडा येईल, साधारण ०.२ ते ०.५, तो वायरचाच रोध आहे, तो पुढे वजा धरायचा. आणि महत्त्वाचं: प्रत्येक भाग मोजताना त्याची किमान एक वायर सोडवा. तशीच ठेवली तर मीटर दुसऱ्या वाटेने फिरून येतो आणि तुटलेला भागही चांगला दाखवतो.

थर्मल फ्यूज पहिला. तो हीटरच्या डब्यावर किंवा पंख्याच्या घरावर, दोन वायरींचा, बोटाच्या पेराएवढा असतो. जवळजवळ शून्य ओहम आला तर चांगला, मीटर काहीच दाखवत नसेल तर गेला. वरच्या मर्यादेचा थर्मोस्टॅटही खोलीच्या तापमानाला जोडलेलाच हवा. रोजचा थर्मोस्टॅटही तसाच. या रोजच्या थर्मोस्टॅटला काही मशीनमध्ये चार टर्मिनल असतात. मोठी दोन मुख्य मार्गाची, छोटी दोन आतल्या बारीक हीटरची. छोट्यांवर काही हजार ओहम दिसले तर घाबरू नका, ते तसेच असतात.

नवीन, बोर्डवर चालणाऱ्या मशीनमध्ये रोजच्या थर्मोस्टॅटऐवजी थर्मिस्टर, म्हणजे तापमानानुसार रोध बदलणारा सेन्सर, असतो. बऱ्याच मशीनमध्ये तो २५ अंशांना १० हजार ओहमच्या आसपास असतो आणि गरम झाला की आकडा उतरतो. तळहातात धरून बघा: आकडा हळूहळू खाली यायला हवा. स्थिर राहिला, किंवा मीटर काहीच दाखवत नसेल, तर बोर्डला चुकीचं तापमान कळतंय आणि तो हीटर चालूच करत नाही.

हीटरचं गणित सोपं आहे. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टच्या २००० वॅट हीटरला सुमारे २६ ओहम, २५०० वॅटला सुमारे २१. २४० व्होल्टच्या ५४०० वॅट हीटरला जवळपास ११. वॅटचा आकडा मशीनच्या पाटीवर लिहिलेला असतो, पण त्यात मोटरही धरलेली असू शकते, तेव्हा थोडाफार फरक चालेल. काहीच आकडा नाही म्हणजे कॉइल तुटली. उघडी कॉइल असेल तर तुटलेली जागा डोळ्यांनाही दिसते. काही हीटरमध्ये दोन कॉइल असतात, त्या वेगवेगळ्या मोजा. एक गेली तर मशीन तापतं, पण अर्धंच.

आता एक टोक कॉइलच्या टर्मिनलवर ठेवा आणि दुसरं हीटरच्या धातूच्या डब्यावर, रंग नसलेल्या जागी. इथे काहीच आकडा यायला नको. आला तर कॉइल डब्याला टेकली आहे आणि वारंवार फ्यूज जाण्याचं कारण इथेच सापडू शकतं. दोन फेजवर चालणाऱ्या मशीनमध्ये लोंबून डब्याला टेकलेल्या कॉइलचा काही भाग थर्मोस्टॅट तुटल्यावरही तापत राहतो, कारण विजेला अर्थिंगची वाट मिळते. एक फेजच्या पुरवठ्यात आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षा स्विच) असेल तर हीटर लागताच ती पडते. "ड्रायर लावला की घराची लाइट जाते" अशी तक्रार असेल तर पहिलं बोट हीटरकडे.

सगळे भाग शाबूत, तरी थंड? मग वायरींची टोकं बघा. हीटरच्या टर्मिनलवरचं थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा जोड) सैल असेल तर तिथे रोध वाढतो, ते जागीच तापतं, तपकिरी होतं, मग काळं, आणि शेवटी तुटतं. त्याला घासूनपुसून पुन्हा बसवणं मी कधीच सुचवणार नाही. वायरचा जळका तुकडा कापून उष्णता सहन करणारं नवीन थिंबल नीट दाबून बसवा. मुख्य वायर जिथे मशीनला जोडते तिथला टर्मिनल ब्लॉकही असाच जळतो. पुढे उरतात मोटरवरचा स्विच आणि बोर्डवरचा रिले. बोर्ड काढून रिलेच्या खालचा भाग बघा. सोल्डरभोवती तपकिरी वलय किंवा बारीक गोल चीर दिसली तर गुन्हेगार तोच. पातळ सोल्डरिंगचा सराव असेल तर रिले बदलता येतो, नसेल तर बोर्ड द्यायचा मेकॅनिककडे.

पुन्हा पुन्हा येतं, पण कधी?

बिघाड किती वेळाने परततो यावर माझा बराच भर असतो.

नवा फ्यूज पहिल्याच फेरीत गेला तर नळी सहसा दोषी नसते. इतक्या लवकर जायला हीटर सतत चालू राहिला पाहिजे. म्हणजे एक तर रिलेचे पॉइंट एकमेकांना वितळून चिकटले आहेत, नाहीतर रोजचा थर्मोस्टॅट तुटतच नाही, किंवा कॉइल डब्याला टेकली आहे, किंवा पंखा फिरतच नाही. या चारांपैकी एक सापडल्याशिवाय दुसरा फ्यूज लावू नका.

काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जात असेल तर हवा, हवा आणि हवाच. माझी तक्रार या प्रकारातली होती.

सुरुवातीला तापतो, वीस मिनिटांनी थंड, थोड्या वेळाने पुन्हा गरम, असं चाललं असेल तर वरच्या मर्यादेचा थर्मोस्टॅट रोज तुटून जोडला जातो आहे. फ्यूज अजून गेलेला नाही, जाण्याच्या वाटेवर आहे. आत्ताच नळी साफ केली तर तो भाग वाचतो. बाहेर येणाऱ्या हवेत स्वयंपाकघरातला थर्मामीटर धरून बघता येतं. गरम प्रोग्रॅमवर साधारण ५० ते ७० अंशांच्या दरम्यान वर-खाली होत राहणं नेहमीचं आहे.

हलवल्यावर किंवा थरथर वाढल्यावर तापतो आणि एरवी नाही, तर सैल थिंबल किंवा चीर गेलेलं सोल्डर. काही प्रोग्रॅमवर तापतो आणि काहींवर नाही, तर प्रोग्रॅम निवडणारा स्विच किंवा बोर्ड.

हे मात्र कुणीही करू नये

फ्यूजच्या दोन वायरी एकमेकींना जोडून मशीन चालवलं की ते लगेच तापतं, आणि "तात्पुरतं" म्हणून ही युक्ती सुचवणारे भेटतात. ज्या मशीनच्या आत कोरडी लव साचली आहे आणि ज्याचा शेवटचा पहारेकरी नुकताच उष्णतेने गेला आहे, त्याचाच पहारा काढून टाकायचा! एका फेरीपुरतंही करू नका. तपासणीसाठी मीटर पुरेसा आहे. कपडे दोरीवर सुकतील.

नवीन फ्यूज आणि थर्मोस्टॅट घेताना मॉडेल नंबर दाखवा आणि जुन्या भागावरचा तापमानाचा आकडा ताडून पाहा. दिसायला सारखा, पण जास्त तापमानाचा फ्यूज पुन्हा जाणार नाही, आणि नेमका तोच धोका आहे. फ्यूज गेला असेल तर वरच्या मर्यादेचा थर्मोस्टॅटही सोबत बदलावा असं माझं मत आहे. फ्यूज जाण्याआधी त्याने हीटर बंद करायला हवा होता. तो केला नाही, किंवा वेळेत केला नाही, म्हणूनच पाळी फ्यूजवर आली. काही मशीनसाठी हे दोन्ही जोडीनेच मिळतात.

वॉरंटी चालू असेल तर पत्रा उघडू नका. जळका वास, वितळलेला सॉकेट, हात लावल्यावर झिणझिण्या, यांपैकी काहीही असेल तर प्लग काढून तिथेच थांबा आणि मेकॅनिक बोलवा. तो आला की फ्यूज गेला का एवढंच विचारू नका. का गेला, आणि नळीच्या टोकाला हवेचा जोर तुम्ही पाहिलात का, हे विचारा.

जोडणी झाल्यावर मशीन मागे ढकलताना वरून डोकावून नळीकडे पाहा आणि मागे तिच्यासाठी मोकळी जागा सोडा. मी जमिनीवर चिकटपट्टीची खूण केली आहे, ड्रायरचे मागचे पाय तिच्या पलीकडे जात नाहीत. मग चार टॉवेल भिजवून, पिळून, गरम प्रोग्रॅमवर लावा आणि ते सुकायला किती मिनिटं लागली ते मशीनच्या बाजूला लिहून ठेवा. माझे ४५ मिनिटांत सुकले होते. दर तीन महिन्यांनी तेच चार टॉवेल लावते. एकदा वेळ ६० वर गेली, मी बाहेरची झडप पाहिली, ती लवेने अर्धी बंद होती. साफ केल्यावर पुन्हा ४५.